जुनी ईको घ्यावी का, आणि तिच्यात पलंग ठोकावा का?

नाशिकच्या एका वाचकांचं पत्र आहे. वय 58, अंबडच्या कारखान्यातून नुकतेच निवृत्त झालेत. नोकरीत पाळ्या सांभाळता सांभाळता फिरायचं राहून गेलं, म्हणून आता जुनी व्हॅन घेऊन तिचं ‘चालतं घर’ करायचं ठरवलंय. 2013 ची सीएनजीवरची मारुती ईको पाहून ठेवली आहे, मालक 2 लाख 10 हजार सांगतो. ओळखीचा फॅब्रिकेटर दीड लाखात मागच्या सीट काढून कायमचा पलंग, ओटा, गॅसची शेगडी, इन्व्हर्टर आणि छत कापून वर उचलता येईल असं टोपण बसवून देणार आहे. हॉटेलचा खर्च वाचेल आणि 2027 च्या सिंहस्थात गाडी भाड्याने देऊन पैसे वसूल होतील, असा त्यांचा हिशोब. पुण्याला असलेला मुलगा म्हणतो, जुनं लोढणं गळ्यात घेऊ नका, सुरक्षित अशी नवी कार घ्या. पत्नी फक्त ‘बघा तुमचं काय ते’ म्हणतात. वाचक विचारतात, मुलाचं ऐकू की मनाचं?

नमस्कार.

आधी बचतीचं उरकून टाकू, कारण पत्रात ती पुन्हा पुन्हा येते. गाडी आणि आतलं काम मिळून झाले 3 लाख 60 हजार. साधी, स्वच्छ, गरम पाणी मिळणारी खोली रात्रीला 2,500 रुपये धरली तर एवढ्या पैशात 144 रात्री होतात. तुम्हीच लिहिलंय की वर्षाला चार फेऱ्या, फेरीला तीन रात्री. म्हणजे बारा वर्षं झाली. त्यात विमा, पीयूसी, टायर, दुरुस्ती काहीच धरलेलं नाही, आणि सोसायटीत दुसरी गाडी लावण्यावरून होणारी बोलाचाली तर कुठल्या रकान्यात मांडायची तेही कळत नाही. तेव्हा ही बचत नाही, हौस आहे. इतकी वर्षं रात्रपाळ्या केल्यावर माणसाने हौस करावीच. फक्त घरात ती बचत म्हणून मांडू नका. सहा महिन्यांनी मुलगा हिशोब मागेल आणि त्याचं काही चुकलेलं नसेल.

सिंहस्थाचं तर डोक्यातून काढूनच टाका. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने देता येत नाही. त्यासाठी गाडी व्यावसायिक म्हणून नोंदवावी लागते, परमिट लागतं, पाटीचा रंग बदलतो, फिटनेस आणि विमाही वेगळा. खासगी गाडी भाड्यावर असताना अपघात झाला तर विमा कंपनी क्लेम नाकारायला मोकळी. पर्वणीच्या गर्दीत अनोळखी माणसांच्या हातात किल्ली देऊन तुम्हाला घरी झोप लागेल का, हे वेगळंच.

आता फॅब्रिकेटरची यादी. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 असं सांगतं की आरसीवरची माहिती उत्पादकाच्या मूळ माहितीशी जुळणार नाही, असा बदल मालकाने गाडीत करायचा नाही. जानेवारी 2019 मध्ये केरळमधल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही हे ठणकावून सांगितलं. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती झाली, आणि आता नियमबाह्य बदलाला प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. सीट काढणं म्हणजे आरसीवरची आसनक्षमता बदलणं. छत कापणं म्हणजे गाडीच्या सांगाड्यालाच हात घालणं, आणि गाडी उलटली तर वरून आपल्याला वाचवणारी तेवढीच एक गोष्ट असते. छताचा विषय मी इथेच बंद करते.

‘सगळेच करतात, कोण बघतंय’ असं फॅब्रिकेटर म्हणेल. कसारा घाटात हात दाखवून कोणी तुमचा पलंग तपासणार नाही, हे मलाही माहीत आहे. पण अपघातानंतर विम्याचा सर्व्हेअर येतो तेव्हा तो दिसतो. गाडी विकायला काढली की गिऱ्हाइकाला दिसतो. आणि 2028 ला तर दिसणारच. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, पुढे फिटनेस करून पाच-पाच वर्षांसाठी वाढवून घ्यावी लागते. कारसाठीचं ते शुल्क 2022 मध्ये 600 वरून 5,000 रुपयांवर गेलं, वर पर्यावरण कर वेगळा. पैसे भरता येतील हो. पण फिटनेसला निरीक्षकाने बाजूचं दार सरकवलं आणि मागच्या सीटच्या जागी ग्रॅनाइटचा ओटा दिसला, तर तो सगळा उखडून गाडी परत आणावी लागेल. म्हणजे दीड लाख देऊन बसवायचं आणि वर पैसे देऊन काढायचं.

नियमांमध्ये मोटर कॅराव्हॅन असा स्वतंत्र प्रकार आहे, नाही असं नाही. बसायची जागा आणि टेबल, झोपायची सोय, स्वयंपाकाची सोय, सामानाची जागा, सगळं गाडीला पक्कं बसवलेलं. पण त्याची मान्यता पुण्याच्या एआरएआयसारख्या तपासणी संस्थेकडून घ्यावी लागते. राज्याने 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरणही आणलं, तेही अशा रीतसर नोंदलेल्या गाड्यांसाठी आहे. तुमच्या फॅब्रिकेटरकडे मान्यतेचा कागद असेल तर मागून बघा. तो विषय बदलेल, असा माझा अंदाज आहे.

तुम्ही पाहिलेली गाडीही मला पटलेली नाही, आणि कारण फक्त वय नव्हे. कंपनीच्या सीएनजी ईकोत गॅसची टाकी मागच्या सीटच्या पाठीशी आडवी बसते, म्हणजे नेमकी जिथे तुम्ही झोपणार तिथे. टाकीच्या वरून फळी नेऊन तिच्यावर चार इंची गादी टाका, मग छतापर्यंत किती जागा उरते ते टेप लावून मोजा. ताठ मांडी घालून बसता येत नसेल तर ती गाडी राहण्याजोगी नाही, कारण पावसात अडकलात की तुम्ही आत झोपण्यापेक्षा बसणारच जास्त. टाकीभोवती प्लायचं खोकं बांधून ‘छान झाकून देतो’ असं कोणी म्हटलं तर हात जोडा. व्हॉल्व्हपाशी गळती झाली तर गॅसला बाहेर जायची वाट लागते आणि व्हॉल्व्हला तुमचा हात पोचावा लागतो. शिवाय दर तीन वर्षांनी टाकीची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाने तपासणी, करावी लागते, तिची तारीख तुम्ही पाहिलेल्या गाडीवर बघितली होती का? आणि टाकीशेजारी शेगडी पेटवायची कल्पना कोणाची होती, हेही जरा विचारा.

तर माझं सरळ म्हणणं असं. व्हॅनची हौस आहे ना, व्हॅनच घ्या. पण फॅब्रिकेटरला द्यायचे दीड लाख गाडीत घाला. तुमची एकूण मर्यादा 3 लाख 60 हजार. त्यातले 40 हजार टायर, ब्रेक, बॅटरी, सर्व्हिसिंग आणि नावावर करण्यासाठी बाजूला ठेवा, 20-25 हजार आतल्या सुट्या सामानाला, उरलेले गाडीला. साधी पेट्रोल, पाच सीटची, शक्यतो 2019 च्या उत्तरार्धातली किंवा नंतरची. त्या वर्षी कारना एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) आणि ड्रायव्हरच्या बाजूची एअरबॅग सक्तीची झाली. 2013 च्या ईकोत या दोन्ही नाहीत. पावसाळ्यात चंदनापुरी घाट उतरताना समोर ट्रक थांबला की हा फरक कळतो. एवढ्या पैशात अशी गाडी लगेच मिळणार नाही, दोन-तीन महिने शोधावं लागेल. निवृत्त माणसाला घाई कशाची? आणि मुलाचं म्हणणं निम्मं तरी इथे भागतं.

ओम्नीही कोणी तरी सुचवेल, स्वस्त मिळते म्हणून. 796 सीसीचं इंजिन, सामान कुठेही मिळतं, मेकॅनिक कुठल्याही गावात. पण ती 2019 मध्ये बंद झाली ती सुरक्षिततेच्या नव्या नियमांत बसेना म्हणूनच. पुढे बसलेल्याच्या गुडघ्यांपुढे जेमतेम पत्रा असतो. गावात ठीक, लांबच्या फिरण्याला मी सुचवणार नाही. ‘कार्गो’ ईकोही बघू नका. ती मालवाहू म्हणून नोंदलेली असते, मागे माणसं बसवता येत नाहीत.

गाडी बघताना इंजिनाच्या आवाजापेक्षा पत्र्याकडे जास्त लक्ष द्या. इंजिन दुरुस्त होतं, कुजलेला पत्रा फक्त रंगवला जातो. पायपुसण्या उचला, खालचं रेक्झिन कोपऱ्यातून वर करून फरशीचा पत्रा नखाने खरवडून बघा. सरकत्या दाराची खालची पट्टी बघा. तिथे माती आणि पाणी साचतं आणि गंज पहिल्यांदा तिथेच धरतो. दार एका हाताने, अर्ध्यात न अडकता सरकलं पाहिजे. गाडीखाली नवंकोरं काळं अंडरबॉडी कोटिंग दिसलं तर खूश होऊ नका, ते कशावर मारलंय ते विचारा. आपल्या भागातल्या बऱ्याच ईकोंनी शाळेची मुलं नेलीत, वडाप केलंय, नाही तर पिंपळगाव-दिंडोरीकडे टोमॅटोचे क्रेट वाहिलेत. क्रेटमधून गळणारं आंबट पाणी फरशीत मुरतं. दार बंद करून आत दोन मिनिटं नुसते बसा, वास सांगतो. मीटरवर 40 हजार किलोमीटर आणि क्लचच्या पेडलचं रबर गुळगुळीत झालेलं, असं असेल तर मीटर फिरवलेला आहे.

सकाळी जा, आणि जाण्याआधी गाडी चालू करून ठेवू नका असं मालकाला सांगा. इंजिन गार आहे याची खात्री करा. इंजिन पुढच्या सीटखाली आहे, तेव्हा सीट उचलून तेही बघता येतं आणि तेलगळतीही. ईकोची मागची चाकं ओढतात, त्यामुळे पन्नास-साठच्या वेगात मागून घूंऽऽ असा आवाज येत असेल तर डिफरन्शियलचं, म्हणजे मागच्या आसातल्या गिअरचं, काम निघेल, आणि गिअर टाकून सुटताना ठक्क झालं तर मागच्या चाकांकडे जाणाऱ्या दांड्याच्या जॉइंटचे क्रॉस गेलेत. एवढं तुम्हाला यंत्रांबरोबर आयुष्य काढलेल्या माणसाला मी काय सांगायचं. पण स्वतःच्या पैशाने गाडी घेताना मेकॅनिकची नजर जाते आणि नवरदेवाची येते, म्हणून एक तटस्थ मेकॅनिक बरोबर न्या आणि त्याला त्याचे पैसे द्या.

कागदाच्या बाबतीत मात्र कोणावरही विश्वास नको. चॅसिस आणि इंजिन नंबर स्वतः आरसीशी ताडून बघा. कर्ज होतं का, असेल तर बँकेचं ना-हरकत आणि आरसीवरची कर्जाची नोंद काढायचा फॉर्म 35 हातात घ्या, ‘देतो नंतर’ चालणार नाही. एमएच 15 ची गाडी सोपी पडते. एमएच 41 किंवा 17 ची असेल तर आधीच्या आरटीओचं ना-हरकत लागेल का ते सौद्याआधी विचारा. ई-चलन बाकी आहे का ते ऑनलाइन दिसतं. एप्रिल 2019 आधीच्या गाडीला नवी सुरक्षा नंबरप्लेट बसवलेली आहे का ते बघा. फॉर्म 29 आणि 30 वर सह्या झाल्या की नावावर करायची धावपळ तुम्हीच करा, आणि विमा 14 दिवसांत तुमच्या नावावर आला पाहिजे.

आता पलंग. सगळं सामान असं हवं की दोघांनी मिळून अर्ध्या तासात बाहेर काढता यावं आणि गाडी पुन्हा कंपनीतून आल्यासारखी दिसावी. मागची सीट पुढे कितपत दुमडते हे मॉडेलप्रमाणे वेगळं असतं, ते घेण्याआधी करून बघा आणि उंची तिथून धरा. पलंग तीन तुकड्यांत करा, 12 मिलिमीटरच्या पाणीरोधक प्लायचा, खाली अॅल्युमिनियमच्या घडीच्या पायांवर. फॅब्रिकेटर 18 मिलिमीटरचा आग्रह धरेल. आठ बाय चारचा तसा एक ताव तीस किलोच्या वर भरतो, आणि दरवेळी तो उचलणार कोण? चालत्या गाडीत तुकडे सीटमागे उभे, पट्ट्याने आवळून. सुटी फळी अचानक ब्रेक लागल्यावर मानेवर येते. गादीही तीन तुकड्यांत, सुती खोळीची. खिडक्यांना रात्री लोहचुंबकाच्या पट्टीने लागणाऱ्या जाळ्या आणि पडदे, गाडी चालताना ते काढलेले. दोन्हीकडच्या काचा दोन बोटं उघड्या हव्यात. नाही तर इगतपुरीच्या पावसात सकाळी काचांच्या आतून पाणी ओघळेल आणि उशा दमट होतील.

विजेचं गणित फॅब्रिकेटरने उगाच मोठं केलंय. रात्रभर लागतं काय? वीस वॅटचा पंखा आठ तास म्हणजे 160 वॅट-तास. दोन एलईडी दिवे आणि दोन मोबाइल मिळून आणखी चाळीस-पन्नास. 300 ते 500 वॅट-तासांचं तयार पॉवर स्टेशन, म्हणजे बॅटरीचा डबा, पुरतं, ते घरच्या सॉकेटवर भरायचं आणि उचलून न्यायचं. घरगुती इन्व्हर्टरची ट्यूब्युलर बॅटरी झोपायच्या जागेत मुळीच नको, चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो. आणि गाडीच्या मूळ वायरिंगला चिमटा लावू देऊ नका. जुन्या गाड्या पेटतात त्यात हे एक कारण असतं.

शेगडी बाहेरच. गाडीत पातेलंभर पाणी उकळणंसुद्धा नको. मागचं दार वर उचललं की आडोसा होतो, त्याखाली घडीचं टेबल आणि छोटी शेगडी, चहा-पोहे-खिचडी सगळं होतं. थंडीत निफाडकडे पारा खाली गेला की कोळशाची शेगडी आत घेण्याचा मोह होतो, नाही तर इंजिन चालू ठेवून हीटर लावण्याचा. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपलेला माणूस उठत नाही. दोन रजया जास्त घ्या.

हे सगळं लिहिलं, पण तुमच्या पत्रातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली ओळ वहिनींची आहे. ‘बघा तुमचं काय ते.’ आपल्याकडे याला होकार समजायची पद्धत आहे, आणि तुम्हीही तेच केलंय. तुम्ही ओझरतं लिहिलंय की त्यांचे गुडघे दुखतात आणि रात्री एक-दोनदा उठावं लागतं. मग त्या नजरेसमोर काय आणत असतील? भंडारदऱ्याच्या काठावर किर्र अंधारात सरकतं दार उघडून, चप्पल शोधून, टॉर्च घेऊन कुठे जायचं. तुमच्या आराखड्यात ओटा आहे, इन्व्हर्टर आहे, पण याचं उत्तर नाही. घडीचा छोटा पोर्टेबल कमोड मिळतो, तंबूसारखा आडोसाही मिळतो. पण त्याहून बरा उपाय म्हणजे रात्री वाटेल तिथे थांबायचं नाही. कृषी पर्यटन केंद्रं, धरणाकाठचे तंबूवाले, गंगापूर धरणाकडचं एमटीडीसीचं रिसॉर्ट, अशा ठिकाणी आधी फोन करून विचारा, गाडी आत लावून झोपू द्याल का, स्वच्छतागृह वापरायचे पैसे देऊ. काही नाही म्हणतील, काही हो म्हणतील. वनखात्याच्या हद्दीत परवानगीशिवाय मुक्काम करू नका. आणि तीन रात्रींपैकी एक रात्र खोली घ्यायची, हे आधीच कबूल करून टाका. व्हॅन घेतली म्हणून हॉटेलची शपथ घातलेली नाही.

म्हणून गाडी घेण्याआधी एखाद्या नातेवाइकाची ईको दोन दिवस मागून घ्या. आत घरचीच गादी टाका आणि दोघं मिळून एक रात्र झोपा. लांब नको, गंगापूरच्या बाजूलाच, म्हणजे रात्री दोनला कंटाळा आला तर घरी परतता येईल. सकाळी वहिनींना ‘कसं वाटलं’ विचारू नका, ‘काय बदलायला हवं’ ते विचारा. यादी आली तर गाडी शोधायला लागा. ‘बघा तुमचं’च पुन्हा आलं, तर व्हॅन तुमची एकट्याची किंवा मित्रांबरोबरची, आणि दोघांच्या फेऱ्या सध्याच्या कारने, खोलीत राहून. त्यातही काही बिघडत नाही. मग बजेट मात्र निम्म्यावर आणा, कारण पैसे दोघांचे आहेत.

मुलाशी फोनवर वाद घालू नका. पुढच्या वेळी तो आला की गाडी बघायला त्यालाच बरोबर न्या. विरोध करणाऱ्या माणसाला दोष शोधायला सांगितलं की तो मन लावून शोधतो, आणि तुम्हाला तेच हवंय.

पाहिलेल्या ईकोच्या मालकाला टोकन दिलं नसेल तर आता देऊ नका. दिलं असेल तर टाकीची टेस्ट आणि विम्याचे कागद मागा, ते अपुरे निघाले तर त्या मुद्द्यावर पैसे परत मागायला तोंड राहतं. पुढच्या गाडीला टोकन द्याल तेव्हा रक्कम लहान ठेवा, आणि पावतीवर त्याच्याच अक्षरात लिहून घ्या: मेकॅनिकने नापास केली किंवा कागद जुळले नाहीत, तर पूर्ण परत.